दोन्हीकडून लांब दिसणारी वीट

सोपान मेस्त्री, त्या होर्डिंगवरच्या घराचा कोपरा चुकला होता आणि तो मी चुकवला होता. बिल्डरने नाही, साहेबांनी नाही, छापणाऱ्याने नाही, आणि कॉम्प्युटरने तर नाहीच नाही. मी. घ्या, लिहून दिलं. तुम्ही होतात तोवर हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाल्यावर ते सुवाच्य अक्षरात लिहीत बसले आहे. अशी माझी वेळ साधण्याची कला.

तुम्हाला सगळं पाठ आहे, तरी पुन्हा सांगू द्या. माझ्या सांगण्यात तेव्हाची मी जरा जास्तच मूर्ख दिसते आणि या वयात मला त्याची मजा येते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. बेलापूरला आमचं आर्किटेक्टचं ऑफिस, आणि त्यात चव्वेचाळीस वर्षांची एक शहाणी बाई. न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दाखवायच्या, हा तिचा धंदा. वीस वर्षं तिने ते काम ब्रशने आणि रंगाने केलं. मग साहेबांनी कॉम्प्युटर आणला, त्याच्यासाठी एसीची खोली केली, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि हिला आत बसवलं. तीन महिन्यांत हिला वाटायला लागलं की लोक चपला काढतात त्या आपल्याला बघून.

काम होतं नेरूळच्या रो-हाउसेसचं. उघड्या विटेच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आता कॉम्प्युटरमधल्या भिंतीवर विटा आणायच्या दोन तऱ्हा. एक, खऱ्या भिंतीचा फोटो काढून चिकटवायचा. पण फोटो लहान आणि भिंत मोठी, त्यामुळे तोच फोटो पुन्हा पुन्हा लावावा लागतो आणि एकच काळी वीट दर चार फुटांवर डोकं वर काढते, लग्नाच्या प्रत्येक फोटोत घुसणाऱ्या मामेसासऱ्यांसारखी. दुसरी तऱ्हा म्हणजे फोटो नाहीच, नुसते नियम लिहायचे. वीट एवढी लांब, एवढी उंच, मधे सिमेंटची रेघ एवढी, दर दुसरा थर अर्ध्या विटेने सरकलेला, रंग या लालपासून त्या लालपर्यंत. मग भिंत घराएवढी असो की हायवेएवढी, मशीन आपलं आपण विटा रचत जातं. मी अर्थात दुसरी तऱ्हा घेतली. पहिली सोपी होती ना.

दोन्ही भिंतींना मी एकच नियम दिला. कोपऱ्यापासून अख्ख्या विटेने सुरुवात. समोरून बघाल तर कोपऱ्यात अख्खी वीट, बाजूने बघाल तर त्याच थरात पुन्हा अख्खी वीट. किती नीटनेटकं! एक चित्र निघायला मशीनला पूर्ण दिवस लागायचा. त्यात वीज गेली की पहिल्यापासून. पाचव्या प्रयत्नात चित्र निघालं, बिल्डरशेठ खूश झाले, ब्रोशर छापलं, आणि हायवेला चाळीस फुटी होर्डिंग लागलं. मी सासूबाईंना रिक्षात घालून ते दाखवायला घेऊन गेले. त्या बराच वेळ मान वर करून बघत होत्या. म्हणाल्या, "कपडे कुठे वाळत घालायचे?"

मग एका शनिवारी तुम्ही आलात. पायाला सिमेंट, डोक्याला पंचा, हातात बाजाराची पिशवी. चपला बाहेर काढल्यात, आत आलात, आणि पिशवीतून चार विटा काढून माझ्या कीबोर्डच्या शेजारी मांडल्यात. त्यांची धूळ कीबोर्डवर पडली, ती मला अजून दिसते. ब्रोशर उघडून कोपऱ्यावर बोट ठेवलंत.

"बाई, ही वीट कुठल्या भट्टीत मिळती तेवडं सांगा."

"कुठली वीट?"

"हीच की. हिकडनं बी लांब, तिकडनं बी लांब. म्हंजी वीट कोपऱ्यात वाकलेली पायजे. आमच्या सातारकडं तर न्हाई मिळत आसली. शेठ म्हनत्यात, चित्रात हाय तश्शीच पायजे."

मी चित्राकडे बघितलं. मेस्त्री, मला त्या क्षणी कळलं होतं. महिनाभर जिच्याकडे बघून मी खूश होत होते ती काटकोनात वाकलेली वीट जगात कुठेच नव्हती. विटेची लांबी एका बाजूला दिसली तर दुसऱ्या बाजूला तिचं डोकंच, म्हणजे आखूड टोकच दिसणार, पुढच्या थराला उलट. त्या अदलाबदलीनेच तर दोन भिंती एकमेकींना धरून उभ्या राहतात. माझ्या भिंती नुसत्या शेजारी उभ्या होत्या, बोलणं टाकलेल्या जावांसारख्या. हे मला कळलं, आणि ती चव्वेचाळीस वर्षांची शहाणी बाई काय म्हणाली?

"हे कॉम्प्युटरने काढलंय. कॉम्प्युटर चुकत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. आज माझी नात आर्किटेक्चरला आहे, तिला हे सांगितलं तर ती हसून खुर्चीतून पडते. तुम्ही हसला नाहीत. "बरं," म्हणालात, विटा पिशवीत भरल्यात आणि गेलात. चिडला असतात तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाला विसरता येतं.

पुढचं मला लिहायचं नाही, पण याच्यासाठीच तर हा खटाटोप. पंधरा दिवसांनी साइटवर नमुन्याचं घर कमरेएवढं वर आलं. साहेब, बिल्डरशेठ आणि मी बघायला गेलो. तुम्ही कोपरा बांधला होतात तो जसा बांधायला हवा तसा. शेठने ब्रोशर उघडलं, कोपऱ्यापाशी धरलं, आणि सगळ्या गड्यांसमोर तुम्हाला झापायला सुरुवात केली. "चित्रात बघ, कोपऱ्यात अख्खी वीट, किती रिच वाटतंय. तुझ्यात हे डोकं डोकं काय दिसतंय? चित्र वाचता येत नाय तर मेस्त्री कशाला म्हणवतोस?"

तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाहीत. माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही, थापी एका हातातून दुसऱ्या हातात जाईल एवढाच वेळ.

आणि मी माझ्या चपलेचा अंगठा बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "चित्र थोडं आर्टिस्टिक असतं." म्हणजे काय, ते देवाला ठाऊक. तीन शब्द पुरले असते: "चित्र चुकलंय, शेठ." पण त्या शब्दांनी माझी एसीची खोली गेली असती असं मला वाटलं. गेली नसती हो. साहेबांना दुसरं कोण मिळणार होतं? पण वाटलं.

तुम्ही तो कोपरा उतरवलात आणि नवा बांधलात. आत नऊ इंची भिंतीची सगळी पकड व्यवस्थित, आणि बाहेरून दर दुसऱ्या थराला दोन विटांची टोकं दगडावर तिरपी घासून अशी जुळवलेली की दोन्हीकडून अख्खी वीट दिसावी. तीन दिवस नुसतं घासत होतात म्हणे. शेठ सगळ्यांना तो कोपरा दाखवत सुटला. पुढच्या बारा घरांना तसेच कोपरे झाले. माझी चूक तुम्ही विटेत उतरवलीत, नमुन्याचं घर धरून तेरा वेळा, आणि ती त्या वसाहतीची शान ठरली. असा सूड कुणी कुणावर उगवला नसेल.

पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा ऑफिसात. मला वाटलं, आता भांडणार. मी घाबरून चहा मागवला. तुम्ही स्टुलावर बसलात, बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "दावा बरं, तुमचं मशीन वीट कशी लावतंय."

तिथून जे शनिवार सुरू झाले ते परवापरवापर्यंत. आणि काय छळलंत मला, मेस्त्री! कोपरा तुम्ही एका बैठकीत दुरुस्त करून घेतलात, दोन्ही भिंतींनी एकमेकींना विचारून सुरुवात करायची असा नियम मला लिहायला लावलात. त्यावर भागलं का? नाही.

"समद्या विटा एकाच रंगाच्या कशा?"

म्हणून मी रंग विस्कटले, एक फिकी, एक गडद, मशीनला म्हटलं कर तुझ्या मनाने. तुम्ही पडद्याला नाक लावून बघितलंत. "ह्यो आजार झाल्यागत दिसतोय. गोवर." मी म्हटलं, मग कसं हवंय? तर म्हणालात, भट्टीत आगीकडची वीट काळी होते, आणि आगीकडच्या विटा सगळ्या शेजारी-शेजारी असतात, एकाच गाडीत भरल्या जातात, एकाच ढिगात उतरतात, एकाच भागात लागतात. "एकटी वीट काळी निगत न्हाई, बाई. भावकी काळी निगती."

मशीनला भावकी शिकवायला मला तीन आठवडे लागले. गणितात शेजार-पाजार आणावा लागला. पण झालं तेव्हा भिंत अशी दिसली, की मी उठून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "आता जरा बरं हाय." जरा! तुमच्या तोंडून "छान" हा शब्द मी कधी ऐकला नाही. तुमच्या घरी शब्दांचं रेशनिंग होतं काय?

कौलांच्या वेळी तर तुम्ही मान उलटी करूनच बसलात. मी विचारलं, काय झालं? "न्हाई, म्हटलं पान्याला आत बोलवायची तुमची काय पद्धत हाय, ती बगतोय." छपरावर मी खालचं कौल वरच्याच्या वर चढवलं होतं. पहिल्या सरीला पाणी थेट दिवाणखान्यात. माझ्या नियमात वजाचं एक चिन्ह राहून गेलं होतं, त्यामुळे फुगीर ते खोल आणि खोल ते फुगीर झालं होतं. तुम्हाला ना गणित माहीत, ना चिन्ह. तुम्ही तुमचा एक पंजा दुसऱ्यावर ठेवलात, वरचा हात थोडा खाली सरकवलात आणि म्हणालात, "वरच्यानं खालच्यावर हात ठेवायचा आस्तो." मी चिन्ह काढलं. छप्पर पालथं झालं, म्हणजे सुलटं झालं.

आणि मग ते जेवण. आपलं आजतागायत न मिटलेलं भांडण.

सिमेंटच्या रेघा मी सगळ्या एका जाडीच्या केल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "ही भिंत सकाळी बांदली का दुपारी?"

"मशीनने बांधली."

"मशीन जेवत न्हाई व्हय?"

तुमचं म्हणणं, गडी जेवून आला की हात जड होतो, मसाला जाड पडतो. दुपारचे दोन-तीन थर जरा फुगलेले असतात, चारनंतर हात पुन्हा मूळपदावर येतो. जाणत्याला भिंत बघून कळतं, कुठे डबे उघडले ते. हे ऐकून मी चाट पडले. त्याच दिवशी नियमात एक नवा आकडा घातला आणि त्याला नाव दिलं 'जेवण'. शून्य ठेवलं तर उपाशी भिंत. वाढवत नेलं तर दर काही थरांनी रेघ जाडावते, मग हळूहळू ताळ्यावर येते. ऑफिसातली पोरं मला वेडी म्हणायची, पण चित्र बघून गिऱ्हाईक विचारायचं, हा फोटो कुठल्या घराचा?

इथवर आपलं ठीक होतं. मग मी म्हटलं, तुमच्याही हातचं जेवण दिसतं हं, मेस्त्री. आणि तुम्ही असे ताठ झालात की स्टूल वाजलं.

"माझं थर दुपारी बी दोरीत आस्त्यात."

"मी मोजलेत."

"कदी?"

"तुम्ही पाणी प्यायला गेला होता तेव्हा. नमुन्याच्या घराची मागची भिंत. जेवणानंतरचे तीन थर दोन-दोन मिलिमीटर जाड."

"तुमची पट्टी तापली आसंल."

पट्टी तापली असेल! हे तुम्ही पुढे पंचवीस वर्षं म्हणत राहिलात. एकदा दोघांनी जाऊन, तुमची पट्टी, माझा चष्मा, मोजून सोक्षमोक्ष लावायचा असं किती वेळा ठरलं. ऑफिस बंद पडलं, मी घरी बसले, तुम्ही करंजाड्याला घर बांधलंत, तरी शनिवारी बस बदलत माझ्याकडे यायचातच. मी दिवाळे गावच्या मासळी बाजारातून आणलेली कोळंबी तुम्हाला चालायची नाही, शनिवार म्हणून. म्हणून मी मुद्दाम शनिवारीच करायची. तुम्ही दारात नाक वर करायचात आणि "व्वा, रविवारी न्हाई केली कदी" म्हणायचात. रविवारी आला असतात तर!

मागच्या वर्षी शेवटी मी एकटीच नेरूळला गेले, पट्टी घेऊन. म्हटलं, मोजून फोटो काढून आणते, मग बोला. आणि काय बघते? त्या घराच्या मालकाने तुमच्या खऱ्या विटांच्या भिंतीवर टाइल्स लावल्या आहेत. आणि टाइल्स कसल्या? विटांच्या चित्राच्या! सगळ्या एकाच रंगाच्या, गोवर सुद्धा नाही. दर चौथ्या टाइलवर तोच डाग. मी त्या मालकाच्या फाटकापाशी उभी राहून इतकी हसले की त्याने पाणी विचारलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग आता मोजता यायचं न्हाई. म्हंजी मी बरोबर."

हे न्यायात बसत नाही, मेस्त्री. आणि आता तर तुम्ही अपील करायची जागाच बंद करून टाकलीत.

एक कोपरा मात्र उघडा आहे अजून, तोच. तिरप्या घासलेल्या विटांच्या कडा पातळ, त्यामुळे त्यांचे कान उडालेत. आत डोकी आणि लांब्या नीट एकाआड एक दिसतात. मी हात लावून बघितलं. तेव्हा ठरवलं, येत्या शनिवारी सांगायचं. तुम्हाला साइटवर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळे, एवढंच.

शनिवारी तुम्ही आलात, चहा झाला, टाइल्सवर हसणं झालं. आणि निघताना दारात, नेहमीप्रमाणे, एक पाय चपलेत आणि एक बाहेर ठेवून थांबलात. तुमची ती सवय! इतकी वर्षं, दर शनिवारी, चप्पल घालता घालता थांबायचं आणि म्हणायचं, "बरं मग... आनि काय?" मला वैताग यायचा. निघालाय तर निघा ना. दार उघडं, डास आत. मी दर वेळी म्हणायची, "काही नाही, सावकाश जा." त्या दिवशीही शब्द ओठांवर होते आणि मी म्हणाले, "काही नाही, सावकाश जा."

त्यानंतरही वर्षभराचे शनिवार होते. तेवढ्या वेळा तुम्ही विचारलंत, तेवढ्या वेळा मी डासांची काळजी केली.

तेराव्याला करंजाड्याला गेले. तुमच्या घरावरही माझा राग आहे, सांगून ठेवते. जन्मभर उघड्या विटेचं काम केलंत आणि स्वतःच्या घराला चारी बाजूंनी गिलावा, वर पिस्ता रंग. मी कितीदा विचारलं, तर म्हणायचात, "उगडी वीट राखावी लागती. आमच्यात कोन राखनार?" ओसरीत पंगत उठत होती. तुमच्या मालकीणबाई, हौसाबाई, मागच्या दारी एकट्या बसल्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांच्याशी माझं आजवर बोलणं फोनवरचंच, "निगाले का" आणि "पोचले का" एवढं. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. गुडघ्यांनी विरोध केला, तरी बसले. आणि सांगून टाकलं. होर्डिंग, वाकलेली वीट, कॉम्प्युटर चुकत नाही, चपलेचा अंगठा, सगळं. म्हटलं, चूक माझी होती, बोलणी त्यांनी खाल्ली, आणि मी शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, रडताहेत. बघते तर हसत होत्या.

"म्हाईत हुतं की त्यास्नी. दर शनवारी निगताना मला म्हनायचे, बग, आज बाई कबूल करत्यात. आनि सांजच्याला आले की चप्पल काडता काडता हसायचे. म्हनायचे, न्हाई केलं गं, बरं झालं, आता फुडल्या शनवारी बी जायाला पायजे."